पाच पखवाज आणि मूठभर कणीक

कोलशेतच्या धाकू मढवीकडे पाच पखवाज होते आणि हात दोन. ही विसंगती गावात सगळ्यांच्या ध्यानात आली होती. धाकूच्या आली नव्हती. कुणी ती दाखवून दिलीच तर तो म्हणे, "तुमाला त्यातलं कलत नाय."

कोलशेत तेव्हा ठाण्याबाहेरचं खाडीकाठचं गाव होतं. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मिठागर. धाकू दोन्हीकडे राबे. पण परक्या माणसाला ओळख देताना शेतीचं नाव घेत नसे, मिठाचंही नाही. "मी पखवाजी," म्हणे. बाप गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत असे. भजनाला बुवा मध्ये पेटी घेऊन बसतो आणि त्याच्या उजव्या हाताला पखवाजी बसतो. ती जागा बापामागे धाकूकडे आली होती. मंडळाच्या भिवाबुवांनी ती त्याला दिली ती त्याचं वाजवणं ऐकून नव्हे, त्याच्या बापाला स्मरून. तसा धाकू वाईट वाजवीत नसे. ठेका चुकत नसे, लय पळत नसे. एकादशीला देवळात पुरेल एवढं त्याला येत होतं, आणि तेवढ्यावर तो थांबला असता तर कुणाची काही तक्रार नव्हती.

बिघडलं ते अठ्ठेचाळीस साली, ठाण्यातल्या एका गणेशोत्सवात. मुंबईहून एक वादक आला होता. टांगा मांडवापाशी थांबला आणि त्यातून पखवाज उतरला. मग दुसरा उतरला. मग तिसरा. धाकूच्या शेजारी उभा असलेला एक गृहस्थ आपल्या मेव्हण्याला म्हणाला, "तीन आणलेत. माणूस मोठा दिसतोय." वादकाने अजून चापट मारली नव्हती. मोठेपण टांग्यातून उतरून झालं होतं.

त्या माणसाने त्या दिवशी काय वाजवलं ते धाकूला नंतर आठवत नसे. तीनपैकी एकच पखवाज वाजला आणि दोन खोळीत बसून राहिले, हेही त्याने पाहिलं होतं. पण त्यातून त्याने जो धडा घेतला तो न वाजलेल्या दोन पखवाजांचा होता.

एकाहून अधिक पखवाज बाळगण्यात अर्थ नाही असं नाही. गाणाऱ्याचा आवाज पेटीच्या ज्या पट्टीला लागतो, त्याच पट्टीला पखवाजाचं उजवं तोंड बोलावं लागतं. एकाचा आवाज काळी दोनला लागतो, दुसऱ्याचा पांढरी एकला. पखवाजाच्या अंगावर चामडी वाद्यांच्या खाली लाकडी गट्टे बसवलेले असतात. हातोडीने ते ठोकले की चामडं ताणतं किंवा सैल पडतं, आणि आवाज थोडा चढतो, थोडा उतरतो. हात तयार असेल तर एक पखवाज आणि एक हातोडी यांवर माणूस जन्म काढतो. ज्याला दहा गाणाऱ्यांच्या साथीला बसायचं असतं तो दोन ठेवतो, फार तर तीन. धाकूला एकाच्याच साथीला बसायचं होतं, भिवाबुवांच्या. आणि बुवांची पट्टी काळी दोन होती. वीस वर्षं काळी दोन होती. त्यांच्या टोपीइतकीच ती कायमची होती.

तरीही तीन वर्षांत धाकूने चार पखवाज जमवले. एक शिळफाट्याकडच्या गावातल्या गंगुबाई नावाच्या म्हातारीने दिला. तिचा नवरा गेल्यावर उंदरांनी पखवाजाची वादी खायला घेतली होती. एक, दोन वर्षांच्या बोकडाच्या बदल्यात आला. एकासाठी बी म्हणून ठेवलेलं भात गेलं. पाचवा कल्याणच्या कारागिराकडून नवा कोरा करवून घेतला, त्या खेपेला बायकोच्या, बायजाच्या, पायातले चांदीचे वाळे घरातून गेले ते परत आले नाहीत. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. सलग पाच सूर. बापाचा खैराचा पखवाज यांत काळी दोनचा. वाजे तो तेवढाच.

बायजा या पाचांना सवती म्हणे. "मानसाला एक सवत असती," ती पाणवठ्यावर सांगे, "मना पाच हायत. नि पाचींना माझीच लुगडी." हे खोटं नव्हतं. खोळी तिच्याच जुन्या लुगड्यांच्या होत्या. हिरवी, तांबडी, चौकड्याची, जांभळी आणि एक लग्नातली, जरीचा काठ उसवून काढलेली. मंडळ कुठे भजनाला निघालं की बाया ओळखीचं कापड बघून म्हणत, "बायजा, तुजं चौकड्याचं चाललं गो भायंदरला. तू कवा जानार?"

धाकूची पद्धत ठरलेली होती. भजनाच्या तासभर आधी पोचायचं, पाचही पखवाज आपल्यासमोर अर्धगोलात मांडायचे, खोळी एकेक करून काढायच्या, आणि कुणी विचारण्याची वाट बघत बसायचं. कुणीतरी विचारतंच. मग तो सांगे, "पट्टीचा काय भरवसा? बुवांचा आवाज उतरला, चढला, आपन तय्यार पायजे." हातोडी त्याने सोडून दिली होती. "हातोडी लागते ती एक पखवाजवाल्याला," असं त्याचं म्हणणं. घरातली हातोडी बायजाने खाडीतली कालवं फोडायला घेतली होती आणि ती तिथे जास्त उपयोगी पडत होती.

मंडळात तानाजी नावाचा एक टाळकरी होता. मिठागरावर तो धाकूच्याच वाफ्यांत काम करी. धाकू सासरवाडीला गेला की एकादशीला तानाजी बसे, धाकूच्याच बापाच्या पखवाजावर. लोक म्हणत, तानाजी बरा वाजवतो. धाकूच्या कानावर हे आलं होतं. तो म्हणाला, "त्याच्याकडं पखवाज किती हायत?" त्याच्या मते प्रश्न तिथे मिटला.

एक्कावन्नच्या चैत्रात कल्याणहून बोलावणं आलं. खाडीजवळच्या एका आळीत हनुमान जयंतीचा उत्सव होता. दुपारी चारला बारी, म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसून आळीपाळीने गाणार. एक कोलशेतचं, दुसरं शहाडचं. कोलशेतचं मंडळ एवढ्या लांब आणि एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकांपुढे कधी बसलं नव्हतं. भिवाबुवा आठवडाभर गरम पाणी पीत होते.

शहाडच्या मंडळाचा पखवाजी दौलत. त्याचं नाव मुरबाडपर्यंत माहीत होतं. "त्याच्याकडं पखवाज किती?" धाकूने निरोप्याला विचारलं. निरोप्या म्हणाला, "एक. पोत्यात घालून आनतो." धाकूला त्या रात्री छान झोप लागली.

अडचण आली ती कणकेची. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई कायमची बसवलेली असते, पण डाव्या तोंडाला प्रत्येक वेळी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय त्यातून खर्ज निघत नाही, नुसतं डबडं वाजतं. कणीक गव्हाचीच लागते. तिला चिकटा असतो. आणि त्या वर्षी गहू रेशनवर होता, म्हणजे नुसता कार्डावर लिहिलेला होता. दुकानात लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, होता, तोही रांगेत. कोलशेतच्या घरांत गव्हावाचून कुणाचं अडत नसे, सगळी भात आणि तांदळाची भाकरी खाणारी माणसं. त्यामुळे शेजारी मागायला जावं तर तिथेही नव्हता. बायजाच्या डब्यात तळाशी मूठभर कणीक होती. एका पखवाजापुरती.

"पुरे की," बायजा म्हणाली. "वाजवनार तर एकच ना?"

"नि बाकीचे चार?"

"कोरे जाऊ देत. त्यांना काय ताप आलाय?"

"कल्यानला? कोरे पखवाज मांडू? लोक बोलतील, नुसती लाकडं उचलून आनलीत."

बायजाने त्याच्याकडे बघितलं. "अवो, मग घरीच ठेवा ना लाकडं."

धाकूने यावर विचार केला, पण भलत्याच दिशेने. घरात तांदळाचं पीठ भरपूर होतं. त्याची उकड काढून मळली तर गोळा पांढरा, मऊ आणि लांबून पाहणाऱ्याला कणकेसारखाच दिसतो. बापाच्या पखवाजाला खरी कणीक आणि बाकी चौघांना तांदळाची. ते कुठे वाजणार होते? "चिकटंल का?" बायजाने विचारलं. तिने उभ्या जन्मात हजारो भाकऱ्या थापल्या होत्या आणि सुकल्यावर तांदळाचं पीठ काय करतं हे तिला माहीत होतं. "बसवायला चिकटतंय ना, तेवढं खूप," धाकू म्हणाला. बायजाने दोन गोळे दोन ओल्या फडक्यांत बांधले. मोठा तांदळाचा, लहान गव्हाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला निघायचं होतं. कोलशेतहून कल्याणला जायला खाडीचा मार्ग सोयीचा. पाणी वर चढत असलं की होडी आपसूक चालते, वल्ह्याला नुसता हात लावावा लागतो. होडी धाकूची होती. तिच्यात दहा माणसं बसत, आणि मंडळ दहाच माणसांचं होतं. बुवा, पखवाजी आणि आठ टाळकरी. पेटी बुवांच्या मांडीवर.

पाच पखवाज काठावर आले तेव्हा भिवाबुवांनी कपाळावर हात ठेवला.

"धाकू, एक घे."

"एक घेऊन जाऊ कल्यानला, बुवा? भिकाऱ्यासारखा?"

"मग खाली तलाला ठेव."

"तलाला पानी येतं. चामडं भिजलं की मेलं. फलीवर ठेवायला पायजेत."

फळीवर पाच पखवाज म्हणजे दोन माणसांची जागा. हे गणित करायला कुणाला शाळेत जावं लागलं नाही. तानाजी म्हणाला, "धाकूदादा, पखवाज टाल वाजवतील का?"

"तुला लय हौस हाय तर ठान्याला चालत जा नि गाडीनं ये," धाकू म्हणाला. "होडी माझी हाय."

होडी त्याचीच होती, तेव्हा वाद मिटला. दोन टाळकरी उतरले, तानाजी आणि गणू. मंडळात या दोघांचेच आवाज मोठे; बुवांनी ओळ टाकली की तीच उचलून धरणारे. गणूचा पाय सुजला होता, तो घरी गेला. तानाजीने टाळ खांद्यावर टाकले आणि ठाण्याच्या रस्त्याला लागला. होडी सुटताना भिवाबुवा धाकूकडे न पाहता त्याला म्हणाले, "ऐक. आज बारी बिघडली, तर माझ्या उजव्या हाताला बसायचं नाय पुना. बापाचं नाव सांगून बी नाय."

"बिघडंल कशी?" धाकू म्हणाला. त्याचा हात जांभळ्या खोळीवर होता.

वाटेत ऊन चढलं. दोन माणसं कमी, त्यामुळे वल्ह्यावर पाळी लवकर लवकर येत होती. डोंबिवलीच्या पुढे वारा उलटा झाला आणि टाळकरी घामाघूम होऊन कल्याणला पोचले. पखवाजांना मात्र प्रवास सुखाचा झाला. धाकूने त्यांच्यावर आपलं उपरणं धरलं होतं.

उत्सवाचे चिटणीस प्रभाकरपंत मांडवाच्या दाराशी उभे होते. शाळामास्तर, चष्मा, हातात यादी. त्यांनी आधी माणसं मोजली, मग पखवाज मोजले, मग पुन्हा यादी बघितली.

"कोलशेतचं मंडळ एकच ना? का पाच आहेत?"

"एकच, पंत. पट्टीचा भरवसा नसतो म्हनून..."

"उत्तम, उत्तम," पंत म्हणाले. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्याला ते उत्तम म्हणत.

धाकूने मांडामांड केली. अर्धगोल, खोळी, मग फडकी सोडून गोळे. बापाच्या पखवाजाला खरी कणीक थापली. बाकी चौघांना उकड. खरोखरच चांगली चिकटली. पाचही डावी तोंडं सारखी पांढरी दिसू लागली आणि आळीतली माणसं जवळ येऊन बघू लागली. एकाने दुसऱ्याला सांगितलंच, "पाच आणलेत." धाकूने तीन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली होती, ते वाक्य त्याला पूर्ण ऐकू आलं, तीनच्या जागी पाच होऊन.

समोर शहाडचं मंडळ बसलं होतं. दौलत पन्नाशीचा, किडकिडीत, पानाने तोंड रंगलेला. त्याने पोत्यातून पखवाज काढला, कंबरेची हातोडी काढून बाजूला ठेवली आणि धाकूच्या अर्धगोलाकडे बघत राहिला.

"पाव्हनं," तो म्हणाला, "दुकान टाकलंय का?"

त्याच्या बाजूची माणसं हसली. धाकू म्हणाला, "ज्याच्याकडं असतात तो आनतो."

"खरं हाय. माझ्या शेजाऱ्याकडं बारा म्हशी हायत. दूध काढताना एकीखालीच बसतो पन."

बारी सुरू झाली. पहिला अभंग शहाडने म्हटला. मग भिवाबुवांची पाळी. काळी दोन, बापाचा पखवाज. बरं गेलं. पण बुवांनी ओळ टाकली की मागून जी उठायला हवी ती उठत नव्हती. सहा टाळकरी, सहाही वल्ही मारून दमलेले, आणि मोठ्या आवाजाचे दोघे कोलशेतच्या काठावर उतरवलेले. ओळ पडू नये म्हणून बुवा आपलीच ओळ आपणच उचलू लागले. एका माणसाने बुवाचंही गायचं आणि मागून ओळ उचलणाऱ्या झिलकऱ्याचंही, हे फार वेळ चालत नाही. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर त्यांचा वरचा सूर फाटला. त्यांनी खाकरून पुन्हा लावला, पुन्हा फाटला. त्याच वेळी ठाण्याला गाडीसाठी खोळंबलेला तानाजी घामाने निथळत मांडवात शिरला आणि टाळकऱ्यांच्या मागे येऊन बसला. उशीर झाला होता; गेलेला आवाज टाळांनी परत येत नाही.

शहाडची पाळी झाली. बुवांनी पाणी प्यायलं, पेटीवर बोट फिरवून पाहिलं, आणि धाकूकडे वाकून म्हणाले, "धाकू, जमत नाय. खाली उतरतो. काली एक."

बुवांचा आवाज उतरला होता. पट्टीचा भरवसा राहिला नव्हता. धाकू तीन वर्षं ज्याला-त्याला जे सांगत आला होता ते आज खरं ठरलं होतं, कल्याणमध्ये, चष्मेवाल्या माणसांपुढे. त्याने बापाचा पखवाज बाजूला सारला. चौकड्याच्या खोळीतून निघालेला, काळी एकचा, दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. हे त्याने जरा सावकाश केलं. सगळ्यांना दिसावं एवढं सावकाश. "बघा, दुसरा घेतला," मागून कुणीतरी बोललं. दौलतसुद्धा पान चघळायचं थांबला.

मांडीवर घेतला तेव्हा धाकूची नजर डाव्या तोंडावर गेली, आणि तिथे काय आहे ते त्याला आठवलं.

चैत्रातल्या दुपारी तासभर उघड्या राहिलेल्या उकडीला बारीक भेगा गेल्या होत्या. धाकूने अंगठा ओला करून त्या दाबल्या. बुवांनी पेटी धरली होती, आता थांबता येत नव्हतं. पहिल्या दोन आवर्तनांत त्याने डावा हात जवळजवळ लावलाच नाही. ठेका पोकळ येऊ लागला. बुवांनी मान न वळवता डोळा वटारला. तेव्हा त्याने डावा हात लावला.

आधी एक टवका उडाला तो पेटीवर पडला. मग दोन उडाले. मग सगळी भाकरी एका बाजूने सुटली, क्षणभर लोंबली, आणि धाकूच्या मांडीवर येऊन पडली. पखवाजाचा खर्ज गेला आणि पत्र्याच्या डब्यासारखा आवाज मांडवात घुमला. धाकूने गोळा उचलून पुन्हा थापला. पडला. थुंकी लावून थापला. भुगा झाला. बुवा थांबले. टाळ थांबले, एकाचा मात्र उशिरा.

प्रभाकरपंत म्हणाले, "काय झालं? काही मोडलं का?"

दौलत उठला, मधली जागा ओलांडून आला, धाकूपुढे उकिडवा बसला. मांडीवरचा भुगा चिमटीत घेऊन त्याने बोटांनी चोळला आणि वास घेतला.

"तांदलाची हाय," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण मांडव शांत होता. "पाव्हनं, भाकरीच करायची व्हती तर तवा बी आनायचा."

हसू पुढच्या रांगेतून निघालं आणि मांडवाच्या दारापर्यंत गेलं. धाकूला काही बोलायचं होतं. रेशनचं, गव्हाचं, मिलोचं. तोंडातून निघालं ते एवढंच, "गहू भेटला नाय."

"मग तिथं काय लावलंय?" दौलतने बापाच्या पखवाजाकडे बोट केलं. जाऊन त्याने त्याच्या डाव्या तोंडाला हात लावून पाहिला. "ही गव्हाची हाय की." त्याने नखाने कड उचलून तो गोळा सबंध सोलून काढला, लोट्यातल्या पाण्यात बोटं बुडवून मळला आणि काळी एकच्या तोंडावर थापला. दोन चापट्या मारून पाहिल्या. खर्ज निघाला. "एवढंच व्हतं. नायतर आधीचाच मांडीवर ठेवून गट्टे ठोकायचे. हातोडी देऊ?"

धाकूने मान हलवली. त्याने हात पुसले आणि पखवाजावर ठेवले. पहिली चापट मारली ती नुसत्या कडेवर पडली. बुवांनी ते पाहिलं.

"तानाजी," ते म्हणाले. "पुढं ये. बस."

"बुवा, पखवाज माझा हाय," धाकू हळू आवाजात म्हणाला.

"तुझाच. पाची तुझेच. जागा दे."

धाकूला उठायला वेळ लागला, कारण मागे टाळकरी, बाकी तिन्ही बाजूंनी त्याचेच पखवाज होते आणि त्यांवरून पाय टाकणं पाप. शेवटी दोघांनी दोन बाजूला सरकवून त्याला वाट करून दिली. तानाजी बसला. बुवांनी काळी एक धरली आणि उरलेली बारी नेटाने गेली. फार चांगली नाही, पण लोक उठून गेले नाहीत. तानाजीचा खर्ज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. धाकू टाळकऱ्यांच्या मागे बसला होता. कुणीतरी त्याच्या हातात तानाजीचे टाळ दिले होते. ते त्याने वाजवले.

जिंकणाऱ्याचा शेला शहाडला गेला. कोलशेतला नारळ. आभार मानताना प्रभाकरपंतांनी दोन्ही मंडळांचं कौतुक केलं आणि म्हणाले, "विशेषतः कोलशेतकर मंडळींनी इतक्या लांबून पाच पखवाज आणण्याचे जे कष्ट घेतले, त्याबद्दल उत्सव समिती त्यांची ऋणी आहे." त्यांनी हे मनापासून म्हटलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

ओहोटीला होडी परत निघाली तेव्हा तानाजीला पुन्हा जागा नव्हती. तो गाडीनेच गेला. बुवांना धाकूला जे सुनवायचं होतं ते त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

घरी बायजाने खोळी मोजून घेतल्या, पाच. मग तिने नवऱ्याच्या धोतरावरचा सुकलेला पांढरा भुगा बघितला. विचारण्यासारखं उरलं नव्हतं. दोन दिवसांनी तिने चार खोळी उसवायला घेतल्या.

"हे काय करतंस?" धाकूने विचारलं.

"गोधडी शिवतंय."

"नि पखवाज?"

"ते कुठं जानार हायत आता? त्यांना कसली थंडी वाजती?"

बापाच्या पखवाजाची हिरवी खोळ तिने ठेवली. तो पखवाज एकादशीला तानाजी नेई आणि परत आणून देई. उरलेले चार आढ्याला टांगले गेले. कुणी पाहुणा आला की धाकू त्यांच्याकडे बोट दाखवून पट्टीचं सांगायला सुरुवात करी. बायजा आतून मध्येच म्हणे, "चहा घ्या, गार होतोय."

पुढच्या वर्षी चैत्रात कल्याणहून पुन्हा बोलावणं आलं. शेला न मिळालेल्यांना दुसऱ्यांदा बोलावण्याची त्या आळीची रीत होती. सकाळी भरतीच्या वेळेला मंडळ काठावर जमलं. एक पखवाज, हिरव्या खोळीत. तानाजीच्या कंबरेला हातोडी. ती त्याने बायजाकडून मागून नेली होती आणि तिला अजून कालवांचा वास होता. ओल्या फडक्यात गव्हाची कणीक, दोन वेळा पुरेल एवढी. दहा माणसं, दहा जागा. गणूचा पाय बरा झाला होता.

धाकू सगळ्यांत शेवटी आला. आता तो टाळकरी होता, आणि टाळकऱ्याने टाळाची एक जोडी आणायची असते. त्याने पंच्याचं गाठोडं काखेत धरलं होतं. होडीत पाय टाकताना ते फळीवर आपटलं आणि आतून खणखणाट झाला, एका जोडीचा नव्हे.

भिवाबुवांनी हात पुढे केला. "बघू."

धाकूने गाठोडं दिलं. बुवांनी गाठ सोडली. आत टाळांच्या चार जोड्या होत्या, प्रत्येकीची दोरी वेगळ्या रंगाची.

"वाजवताना एखादा फुटला तर," धाकू म्हणाला. "भरवसा नसतो."

बुवांनी एक जोडी काढून त्याच्या हातात दिली. उरलेल्या तीन पंच्यात बांधून काठावर उभ्या असलेल्या बायजाकडे फेकल्या. तिने त्या ओच्यात झेलल्या.

"चला," बुवा म्हणाले. "पानी चढतंय."